खर्रा मकरूह, गांजा हराम

अब्बा,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हती, तरी मी मराठीतच लिहिते आहे. घरात आपण आपली हिंदी बोललो, अरबी मी फक्त पढायला शिकले, पण मनातलं नीट मांडायचं म्हटलं की माझ्या हाताला मराठीच येते. झेडपीच्या शाळेत फळ्यावर इतकी वर्षं तीच लिहीत आले. म्हणून तुमचं बोलणंही मी इथे गॅरेजातल्या बोलीत लिहीन, गिऱ्हाइकांशी तुम्ही जी बोलायचात त्या. आज रविवार आहे, दुपारची वेळ आहे, कपडे वाळत पडले आहेत. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. हे लिहून मी कुठे टाकणार नाही, कोणाला दाखवणार नाही. तरी एकदा लिहून काढावं असं आठ दिवसांपासून वाटतं आहे.

मला आधी आठवतो तो बोटाचा दिवस. मी सातवीत होते. कापूस निघायचे दिवस. आर्णीच्या रस्त्यावरच्या आपल्या पत्र्याच्या गॅरेजात तुम्ही एका डिझेल इंजिनाचा पट्टा बसवत आहात, मी तुमचा डबा घेऊन दारात उभी आहे. चाचा, तुमचा धाकटा भाऊ, इंजिनाचं हँडल धरून उभा आहे. तुम्ही म्हणता, ‘थांब.’ त्याला ते ऐकू येतं, तो मान हलवतो, आणि तरीही हँडल फिरवतो. तुम्ही ओरडला नाहीत. हात बाहेर काढलात, मधल्या बोटाचं पेर जिथे असायला हवं तिथे पाहिलंत आणि मग चाचाच्या डोळ्यांकडे पाहिलंत. ते लाल होते. तो हसत होता. वाईट हसणं नव्हतं ते. दर्ग्यातून आल्यावर तो हसायचा तसंच, कुठे दुसरीकडेच बघत असल्यासारखं.

तेव्हा तो दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, दर्ग्याच्या मागे फकिरांमध्ये बसायला लागला होता. पुढे रोजच. गांज्याची चिलीम फिरायची, ती तोही ओढायचा. मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत होतं आणि तुमच्यासमोर कोणी बोलत नव्हतं. बोटाला पट्टी बांधून तुम्ही घरी आलात त्या संध्याकाळी अम्मी चुलीपुढे भाकरी थापत होती आणि चाचा दाराच्या चौकटीत बसला होता. आत यायची त्याची हिंमत झाली नव्हती.

‘भाईजान, चुकी झाली. माहं बोट कापून घ्या,’ तो म्हणाला.

‘बोटासाठी नाही म्हणून राह्यलो मी. बोटं अजून नऊ हायेत. तू जे ओढून राह्यला ते हराम हाये. या घरात तो धूर नाही पाह्यजे.’

‘किताबात शराबचं नाव हाये. या पाल्याचं नाव कुठी हाये, मले दाखवा. फकीर लोक याच्यावरच अल्लाले याद करतात. दोन कश घेतले का माहं मन इकडंतिकडं पळत नाही, नामावर बसते.’

‘जे अक्कल झाकते ते सगळं एकच. अक्कल झाकून कोणाले याद करून राह्यला तू?’

चाचानं मान वर केली. मग अगदी हळू आवाजात, उलटून बोलायचं म्हणून नाही, खरंच विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, ‘आन तुमच्या खिशात काय हाये, भाईजान?’

तुमच्या खिशात खर्रा होता. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घासून घासून ओला केलेला. सकाळच्या चहापासून झोपेपर्यंत तो तुमच्या गालात असायचा. तो विषय कधी कोणी काढला की तुम्ही म्हणायचात, एका मोठ्या मौलानांना विचारून घेतलं आहे, तंबाखू मकरूह आहे, म्हणजे नापसंत, पण हराम नाही. ‘मकरूह’ हा शब्द मी तुमच्याकडूनच शिकले. त्या संध्याकाळी मात्र तुम्ही तो उच्चारला नाहीत. तुम्ही उठलात, चाचाची गोधडी आणि दोन सदरे दाराबाहेर ठेवलेत आणि दार लावून घेतलंत. अम्मीची भाकरी तव्यावर तशीच राहिली. जळाल्याचा वास आला तेव्हा कुठे अम्मी हलली.

तो पुन्हा घरात आला नाही. कधी आर्णीत दिसायचा, कधी उर्साच्या मागे गावोगाव फिरत असायचा. मी शिक्षिकेचं शिक्षण घेत होते त्या हिवाळ्यात निरोप आला की नेरच्या बसस्टँडवर एका बाकावर तो सकाळी उठलाच नाही. तुम्ही टेम्पो घेऊन गेलात आणि त्याला घरी आणलंत. आंघोळ तुम्हीच घातलीत, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाहीत. मशिदीत जाऊन विचारलंत, अशा माणसाची जनाज्याची नमाज होते का? तेव्हाचे म्हातारे इमामसाहेब म्हणाले, होते, त्याचा हिशेब अल्लापाशी, नमाज आपल्यापाशी. चाचाच्या झोळीत एक तस्बीह, जपाची माळ, निघाली आणि चिलीम. तस्बीह तुम्ही अम्मीला दिलीत. चिलीम गॅरेजच्या ऐरणीवर ठेवून एका घावात फोडलीत, आणि मग खाली बसून तिचे तुकडे एकेक करून गोळा करत राहिलात. मी दारातून पाहत होते. तुकडे गोळा करून तुम्ही त्यांचं काय केलंत ते मला कळलं नाही.

नंतर अम्मी गेली. आपण दोघंच राहिलो. मला नोकरी लागली, लग्नाचं काही जमलं नाही, आणि तुम्ही त्याबद्दल मला कधी टोचून बोलला नाहीत, हे माझ्यावर तुमचे उपकारच. मग तुमच्या गालात आतून फोड आला. आधी तिखट लागेना, मग तोंड उघडेना. नागपूरच्या डॉक्टरांनी सगळं करून पाहिलं आणि शेवटी म्हणाले, आता घरीच ठेवा. त्या दुखण्यावर जी गोळी खरी उपयोगाची, ती आपल्याकडे मिळायची नाही. नागपूरहून आणावी लागायची, आणि संपली की पुन्हा मिळेपर्यंतचे दिवस तुम्ही भिंतीकडे तोंड करून काढायचात. पुढे तर गोळी गिळताही येईना. उशीचा कोपरा मुठीत धरून तुम्ही पडलेले असायचात आणि मी शाळेतून आले की मुठीवरून ओळखायची, आज किती दुखतं आहे ते.

अशाच एका दुपारी काका आले. रस्त्याकडचं कपाशीचं वावर ज्यांचं, तुम्ही ज्यांची इंजिनं जन्मभर दुरुस्त केलीत, ते काका. वर्षातून एकदा, महाशिवरात्रीला, पूजा झाल्यावर ते भांग घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजात येऊन तुम्हाला मुद्दाम सांगायचे, तुम्हीही त्यांना मुद्दाम शिव्या द्यायचात. त्या दिवशी मात्र ते मस्करीच्या मनानं आले नव्हते. अम्मीचे भाऊ, मामूजान, आणि त्यांची मुलं तुम्हाला बघायला येऊन बसलेली होती, त्यांच्यासमोरच काकांनी खिशातून गांज्याची एक पुडी काढली.

‘मिस्त्री, हे ठेव. महादेवाच्या देवळातल्या बाबानं देल्लं. तुपात परतून दुधात घ्याचं. दुखणं जात नाही यानं, पण माणसाले झोप लागते.’

तुम्ही दात न उघडता बोललात, ‘तुह्या देवाचं हाये ते. माह्या नाही.’

‘देवाचं म्हणतो मी, पण माह्याच घरी त्याच्यावरून भांडण हाये. माही बायको माळकरी. म्हणते, महादेवाचं नाव घेऊन तुम्ही आपला शौक करता, देव कायले मागन हे असलं? मले तिले उत्तर देता येत नाही. पण दुखणाऱ्याले औषध द्याचं, त्यात कोणता देव आडवा येते, सांग बरं?’

तुम्ही मान फिरवलीत. मामूजान म्हणाले, हे या घरात चालणार नाही, भाऊ. काका उठले. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले, तेव्हा त्यांनी पुडी माझ्या हातात दिली आणि माझी मूठ आपल्या हातांनी बंद केली.

मी आपल्या गावातल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, मॅडम, मी हे ऐकलंच नाही. मग मशिदीतल्या नव्या इमामसाहेबांना विचारलं. तरुण माणूस, पण घाईनं बोलणारा नाही. ते म्हणाले, ‘नशेसाठी असेल तर हराम, त्यात दोन मतं नाहीत. पण दुखण्यानं माणूस बेजार असेल, दुसरं औषध मिळत नसेल, तर मजबुरीत सूट आहे. काही जण ही सूटही देत नाहीत. मी देतो. अल्ला रहीम आहे.’ मला वाटलं, सुटले. घरी येऊन मी हे जसंच्या तसं तुम्हाला सांगितलं.

तुम्ही उशीवरची मान माझ्याकडे वळवलीत. मग म्हणालात, ‘म्हणजे मले सूट हाये.’

‘हो अब्बा.’

‘आन त्याले नव्हती?’

मी तुमचं पांघरूण सारखं केलं. तुम्हीच पुढे बोललात, एकेक शब्द सोसत. ‘मी त्याले हराम सांगतलं, हलाल सांगतलं. तुले कुठी दुखते, हे नाही विचारलं कधी. आता ज्याच्यापायी त्याले घराबाहेर काढलं, तेच मी कोणत्या तोंडानं घेऊ? नाही बेटा. इमाम साहेबाले माहा भाऊ माहीत नाही.’

हे तुमचं शेवटचं मोठं बोलणं. त्यानंतर दोन दिवस तुमच्या तोंडातून फक्त आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी शाळेत मी मुलांना व्यसनमुक्तीची शपथ दिली, हात पुढे करून, ओळीत उभं करून. घरी आले तर उशीचा कोपरा फाटला होता आणि त्यातला कापूस तुमच्या बोटांत अडकला होता. मी पिठाच्या डब्यामागून पुडी काढली. तूप तापवलं. काकांनी सांगितल्याप्रमाणे परतलं, दूध घातलं, गाळलं, साखर टाकली. पेला भरून ओट्यावर ठेवला. तुम्ही विचारलंत तर काय सांगायचं ते मी ठरवलं नव्हतं. तुम्ही विचारणार नाही, असंही वाटत होतं.

तेवढ्यात शेजारच्या खाला दारात आल्या. ‘काय जळून राह्यलं वं?’

‘काढा करून राह्यली खाला, अब्बासाठी.’

त्या आत आल्या नाहीत, पण गेल्याही नाहीत. तिथेच उभं राहून श्वास घेत राहिल्या. ‘वास तर अलगच येते,’ म्हणाल्या, आणि मग गेल्या. त्यांचा मुलगा पोलिसात होता. त्यांची चप्पल वाजायची थांबल्यावर मी पेला मोरीत ओतला, वरून तीन बादल्या पाणी टाकलं. उरलेली पुडी संडासात टाकली. आतून तुम्ही विचारलंत, ‘कोन आलतं?’ मी म्हटलं, कोणी नाही. त्यानंतर तुम्ही अकरा दिवस जगलात. त्या अकरा दिवसांचं मी काही लिहीत नाही.

तुम्ही गेल्यावर सगळे म्हणाले, इमान सांभाळून गेले, समोर आलेली हराम चीज नाकारून गेले. आणि मामूजान माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, पोरीनं बापाचा शब्द खाली पडू दिला नाही. मी मान खाली घातली. काका जनाज्यात शेवटपर्यंत चालले, पण घरात आले नाहीत. नंतर गॅरेज विकलं, त्यांचं या बाजूला येणं राहिलं नाही.

गेल्या आठवड्यात ते बाजारात भेटले. काठी टेकत चालतात आता, बायको दोन वर्षांपूर्वी गेली. भाजीच्या दुकानापासून त्यांनी मला बाजूला घेतलं.

‘एक विचारू काय वं पोरी? लय वर्साचं मनात हाये. त्या दुधानं मिस्त्रीले झोप लागलती काय?’

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मला दोष द्यायला आले नव्हते.

‘लागलती काका,’ मी म्हटलं. ‘चांगली दोन-तीन घंटे.’

त्यांचे डोळे भरले. ‘मंग बरं झालं. माही बायको जलमभर म्हणत राह्यली, तुम्ही मरणाऱ्याले बाटवलं. मलेबी तसंच वाटे कधी कधी. पण झोप लागली असन त मग काही नाही. पुढं देव विचारन तं सांगीन मी.’ आणि ते गर्दीतून हळूहळू निघून गेले. मी पिशवी धरून तशीच उभी राहिले. आता ते देवाला जे सांगतील ते माझं खोटं असेल.

तेव्हापासून मी घरात इकडून तिकडे फिरते आहे. तुमच्या शब्दासाठी मी ते तुम्हाला दिलं नाही, असं लोक म्हणत आले आणि मीही मान हलवत आले. तसं नव्हतं. खालांचा पोलिसातला मुलगा, आमचे हेडमास्तर, सकाळी शपथ घेणारी पोरं, हेच सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. माझी नोकरी जाईल, एवढंच मला दिसलं. पुडी राहिली असती तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करता आलं असतं, म्हणून तर तीही त्याच वेळी टाकून दिली. तुमच्या इमानाचा विचार मला त्या वेळी आलाच नाही, अब्बा. तो नंतर आला, लोकांनी म्हटल्यावर.