शुक्रवारच्या पेट्या

९ एप्रिल २००८, बुधवार

पालकहो, तुमच्या घरातलं माणूस तुमच्या समोर बसलेलं असतं आणि तुमच्याशी बोलत नाही — अशी सुरुवात करायची. पहिल्याच वाक्याला सभागृह गप्प झालं पाहिजे.

इथे तमिळ मुलखातल्या आमच्या मराठी मंडळात व्याख्यान वीस तारखेला. विषय माधवरावांनी दिलाय, 'ऑनलाइन खेळ आणि आपली मुलं'. सेक्रेटरी झाल्यापासून ते सगळे विषय 'आणि आपली मुलं' यावरच संपवतात. मी मात्र पेट्यांवर बोलणार.

पेट्या म्हणजे काय, हे आधी सांगावं लागेल. खेळ खेळायला फुकट. जगभरचे, गावोगावचे लोक आपापल्या घरून एकाच खेळात उतरतात, टोळ्या करून जहाजं चालवतात. आतमध्ये कंपनी बंद पेट्या विकते. फोडेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही. बहुतेक वेळा दोरखंड, खिळे, बिस्किटं. क्वचित एखादं मोलाचं शीड. ते क्वचित म्हणजे किती क्वचित, हे कुठेही लिहिलेलं नाही.

ही लॉटरीच. जॉर्ज टाउनच्या ऑफिसच्या फाटकावर उभा राहून मी युनियनतर्फे लॉटरीविरुद्ध सहा वर्षं बोललो. पण लॉटरीच्या तिकिटामागे बक्षिसं किती ते निदान छापलेलं तरी असायचं. इथे तेवढीही लाज नाही.

हे सगळं मला कुठून कळलं? घरातूनच. मुलगा यश पुण्याला नोकरीला जाताना कॉम्प्युटर इथेच ठेवून गेला. गेल्या वर्षी बायकोचा, कमलिनीचा, गुडघा मोडला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वेळ जावा म्हणून त्यानेच तिला हा खेळ लावून दिला. सात महिने झाले.

१० एप्रिल

विचारलं, "या पेट्यांत एवढं काय असतं?"

"तुमचं वाचन झालं की सांगा. रसम गरम करायचंय."

११ एप्रिल, शुक्रवार

आज मुद्दाम लक्ष ठेवलं. पावणेसातला तिने खोलीचं दार लोटून घेतलं. सातला आतून हसण्याचा आवाज. एकटीचाच! मग टाळी. मग पुन्हा हसणं. पाऊण तासाने बाहेर आली ती डोळे पुसत.

हे भाषणात घ्यायला हवं. आकडे लोक विसरतात, असं दृश्य विसरत नाहीत.

२० एप्रिल, रविवार

सभागृह भरलं होतं. पंखे बंद पडले तरी कुणी उठलं नाही. लॉटरीचा भाग जमला. कंपन्यांचा भाग त्याहून जमला. शेवटी आवाज खाली आणला आणि ते दृश्य सांगितलं — एक सुशिक्षित गृहिणी, वय साठीला टेकलेलं, शुक्रवारी सातला दार लोटून घेते, पेट्या फोडते आणि एकटीच हसते. नाव घेतलं नाही. हाव माणसाला घरातल्या घरात कशी परकी करते, असं म्हणून थांबलो. टाळ्या बराच वेळ चालल्या.

माधवराव म्हणाले, "अनंतराव, या वयात हा आवाज? आमचा तर फोनवरसुद्धा ऐकू जात नाही."

चालत घरी आलो. बस घ्यावीशी वाटली नाही, इतका आनंद.

२१ एप्रिल

सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या राजसबाई वर आल्या. तंजावरकडच्या, कमलिनीच्या लांबच्या नात्यातल्या. हातात लिंबाच्या लोणच्याची बाटली. मी पेपर वाचत होतो. माझ्याकडे बघितलं न बघितल्यासारखं करून म्हणाल्या, "कमला, काल अस्की तुझंच बोलत होते गं. जिन्यातसुद्धा." अस्की म्हणजे सगळे, त्यांच्या तंजावरच्या मराठीत.

"माझं काय?"

"पेट्या फोडून एकटीच हसतेस म्हणे. वेड लागलंय का म्हणून मला दोघींनी विचारलं. मी म्हटलं, नाही हो, गुडघाच मोडलाय तेवढा."

नाव घेतलं नव्हतं मी. पण सभागृहात बसलेल्यांपैकी गुडघा मोडून घरी बसलेली कुणाची बायको आहे, हे कोणाला ठाऊक नाही? चाळीस वर्षं व्यासपीठावर काढली आणि एवढं सुचू नये.

कमलिनी वॉकर धरून उठली. आत गेली, कॉम्प्युटर बंद केला, त्यावर तिने स्वतः भरतकाम केलेलं कापड घातलं.

२३ एप्रिल

दोन दिवस माझ्याशी फक्त तमिळमध्ये बोलते आहे. लग्नाला चौतीस वर्षं झाली, याचा अर्थ मला कळतो.

२५ एप्रिल, शुक्रवार

सात वाजले. ती स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत बसली होती. फोन वाजला, उठली नाही. पुन्हा वाजला. शेवटी मी घेतला.

पुरुषाचा आवाज. "तलैवी आहेत का?"

तलैवी म्हणजे पुढारीण. मी म्हटलं, इथे कुणी पुढारीण राहत नाही, चुकीचा नंबर. त्याने आमचाच नंबर वाचून दाखवला. मग म्हणाला, "आम्ही तीस जण थांबलोय सर. त्या आल्याशिवाय कुणी पेटी उघडणार नाही."

आत येऊन सांगितलं. कमलिनीचे हात थांबले. मग म्हणाली, मराठीत, "त्यांना सांगा, तलैवीला वेड लागलंय."

मला हे सांगता आलं नाही. फोन तसाच ठेवून दिला.

२७ एप्रिल, रविवार

आज दोन माणसं घरी आली. कधीतरी तिने खेळात दिलेल्या फोन नंबरावरून, टेलिफोनच्या यादीतून पत्ता शोधत. एक शेषगिरी, परवा फोन करणारा, चाळिशीचा, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात फिटर, घरी तंजावरची मराठी बोलणारा. दुसरी महालक्ष्मी, एन्नोरच्या मच्छीमार वस्तीतल्या शाळेत शिकवते. ती तिथल्या ब्राउझिंग सेंटरमधून खेळते. दोघं एकमेकांनासुद्धा खालच्या फाटकाशीच पहिल्यांदा भेटली.

कमलिनी वॉकर धरून बाहेर आली. शेषगिरी उभाच राहिला.

"तुम्हीच?"

"का? आणखी कोण पाहिजे होतं?"

"रागावू नका. मी समजत होतो, तलैवी हे नुसतं खेळातलं नाव, मागे कुणी रिटायर्ड मिलिटरी साहेब असणार. हुकूम तसेच की हो तुमचे. मागे मला काय म्हटलात? शीड उतरव नाहीतर जेवायला जा."

सहा दिवसांनी कमलिनी हसली.

मी विचारलंच, मला राहवलं नाही — तुम्ही मोठी माणसं, कष्ट करणारी माणसं, या बंद पेट्यांच्या मागे कशाला लागता?

शेषगिरीने तिच्याकडे पाहिलं. "सरांना तुम्ही सांगितलंच नाही?"

मग कळलं. त्यांच्या टोळीचा एक रिवाज आहे. आठवड्याला प्रत्येकाने एकच पेटी घ्यायची. शुक्रवारी सातला खेळातल्या बंदराच्या चौकात सगळे जमतात. पेटी उघडण्याआधी एक नाव घ्यायचं — स्वतःचं नाही, दुसऱ्याचं. आतून जे निघेल ते त्या माणसाचं. दोरखंड निघाला तर दोरखंड, शीड निघालं तर शीड. आणि ज्याचं नाव कुणीच घेतलं नाही त्याचं नाव सर्वांत शेवटी तलैवी घेते. कुणीही रिकाम्या हाती चौकातून जायचं नाही.

"हे तुला कुठून सुचलं?" मी विचारलं.

"कुठून म्हणजे? नवरात्रात कोलूच्या बाहुल्या बघायला आलेल्या बाईला विड्याशिवाय कधी पाठवलीय का मी? या गुडघ्याने कोलू मांडायचं गेलं. मग तिथे मांडला."

महालक्ष्मी तमिळमध्ये म्हणाली, "शाळेत मी टीचर, वस्तीत मी टीचर. आठवडाभरात माझं नाव घेऊन कुणी हाक मारत असेल तर शुक्रवारी सातलाच, सर. परवा कुणी मारली नाही."

मी ज्याला हाव म्हटलं ते हे होतं. टाळ्या मिळवून म्हटलं होतं.

२८ एप्रिल

काल ती दोघं निघाल्यावर कमलिनीने मला एक वही दिली. "तुम्ही लॉटरी म्हटलंत ना? वाचा."

जानेवारीपासूनचा प्रत्येक शुक्रवार. कुणी पेटी उघडली, कुणाच्या नावाने, काय निघालं. चौदा मार्चपर्यंत अकरा शुक्रवार, तीनशे एकेचाळीस पेट्या, निळं शीड नऊ वेळा. मग कंपनीने खेळात काहीतरी बदल केला. त्यानंतर पाच शुक्रवार, एकशे पंचावन्न पेट्या. निळं शीड एकदाही नाही. पेटीवरचं चित्र मात्र अजून निळ्या शिडाचंच.

निळं शीड नसलं की जहाजाला उत्तरेच्या समुद्रात जाता येत नाही. तीस जण त्याचीच वाट बघत बसलेत.

मी रागावून भाषण केलं. ही चार महिने शांतपणे लिहीत होती.

३० एप्रिल

कंपनीच्या इथल्या ऑफिसात जाऊन आलो. वहीची नक्कल आणि अर्ज दिला. एकच मागणी — कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, हे पेटीवर लिहा. काचेच्या केबिनमधला माणूस सभ्य होता, पाणी दिलं. म्हणाला, ते व्यापारी गुपित आहे. मग म्हणाला, "अंकल, ते कळलं तर उत्सुकता काय राहिली?"

मी म्हटलं, तुमच्या पेटीत काय निघेल याची कुणाला उत्सुकता नाही. कुणाचं नाव निघेल याची आहे.

त्याला कळलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी मलाही कळलं नसतं.

२ मे, शुक्रवार

कमलिनीने कापड काढलं. मला स्टुलावर बसू दिलं, तोंड बंद ठेवायच्या अटीवर.

ती चौकात येताच सगळे तिच्याभोवती धावले. मला ती नुसती रंगीत चित्रं दिसत होती, पण त्यातला पोरकट टोपीतला शेषगिरी ओळखू आला. इतर टोळ्यांनीही तिचा रिवाज उचललाय, म्हणजे चौकात तीनशेच्या वर माणसं. तिने तमिळ इंग्रजी अक्षरांत टाइप करून सगळ्यांना सांगितलं. येत्या शुक्रवारी सात ते आठ. पेटी घेऊन यायचं, हातात धरायची, नाव घ्यायचं. उघडायची नाही. शक्यता छापेपर्यंत दर शुक्रवारी असंच.

मी न राहवून म्हटलं, "निषेधाची घोषणा हवी. मी लिहून देतो."

"नक्को. घोषणा दिल्या की लोक घोषणाच ऐकतात. उघडली नाही, हे त्यांना दिसू दे."

तीस वर्षं युनियनमध्ये होतो. असा संप मला सुचला नसता.

४ मे, रविवार

मंडळाच्या मासिक सभेत उठून उभा राहिलो. ती गृहिणी माझी बायको आहे, म्हणालो. ती एकटी हसत नव्हती, तिच्यासोबत तीस माणसं हसत होती. मला ती ऐकू आली नाहीत, आणि मी तिला न विचारता तुमच्यासमोर उभं केलं. बसलो. टाळ्या नाहीत. माधवरावांनी लगेच वार्षिक सहलीचा विषय घेतला.

घरी येऊन कमलिनीला सांगितलं. "कळलं मला. राजसबाई तुमच्या आधी जिना चढल्या," ती म्हणाली. मग, "जेवता ना?" मराठीत.

८ मे, गुरुवार

कत्तिरीचं ऊन, इथल्या मे महिन्यातलं सगळ्यात कडक. डांबर चपलेला चिकटतं.

कंपनीचं पत्र आलं, खेळाच्या आतच. अफवा पसरवल्यास खातं बंद करण्यात येईल. खातं बंद म्हणजे तिचं जहाज गेलं, नाव गेलं, ती माणसं गेली. तिच्याकडे एकाचाही फोन नंबर नाही, शेषगिरी सोडला तर.

मी म्हटलं, थांबूया. मी वर्तमानपत्रात लिहितो, ग्राहक मंचात जातो, तू यात पडू नकोस. आठ महिन्यांत जमवलेलं एका दिवसात जाईल.

बराच वेळ गुडघ्याला तेल चोळत राहिली. मग म्हणाली, "एकशे पंचावन्न वेळा त्यांनी माझ्या भरवशावर नाव घेतलंय. पेटीत ते शीड नाहीच, हे कळूनही मी त्यांना उघडू देऊ?"

९ मे, शुक्रवार

दुपारी चारला तिचं खातं बंद झालं. पडद्यावर एक ओळ, बाकी काही नाही.

साडेसहाला तिने मला खुर्चीत बसवलं आणि नवीन खातं उघडायला लावलं. नव्या माणसाला खेळात फाटके कपडे असतात, जहाज नसतं. चौकापर्यंत चालत जायला मला वीस मिनिटं लागली. दोनदा पाण्यात पडलो. तीनशे माणसं हातात पेटी घेऊन उभी, तलैवी कुठे दिसत नाही म्हणून गोंधळलेली. काहीजण उघडायच्या बेतात.

दोन बोटांनी टाइप करता येतं मला. म्हणून विचारलं, थोडक्यात काय लिहू?

"माझं खरं नाव लिहा," ती म्हणाली. "आजवर चौकात कुणालाच माहीत नाही."

लिहिलं : तुमच्या तलैवीचं खातं कंपनीने बंद केलंय. तिचं नाव कमलिनी. आज सगळ्यांनी तिचं नाव घ्या, आणि पेटी उघडू नका.