रांगेतला शेवटचा पक्षी

शुक्रवार, ९ नोव्हेंबर २००१
अल नहदा, शारजा

सकाळी दारापुढे रांगोळी काढली, आईसारखी, न मोजता. कमळांची गोल रांग, पण शेवटच्या कमळाला जागाच उरली नाही. चेपलं बिचारं. रेवा म्हणाली, "आई, यू शुड मेजर." इतकी चिडले! ठरवलं, पुसायचं आणि यंदापासून छापे आणायचे.

संध्याकाळी तीच धावत आली. हातात शाळेच्या प्रोजेक्टचं पुस्तक, अमेरिकेतल्या वाळवंटातल्या होहोकाम लोकांची हजार वर्षांपूर्वीची मडकी. पिवळट वाडग्यावर लाल पक्ष्यांची गोल रांग, आणि शेवटचा पक्षी चेपून बसवलेला! "आई, लुक, शी डिडंट मेजर आयदर!"

बाईच असेल ना ती? असणारच. तो चेपलेला पक्षी डोळ्यांपुढून हलत नाहीये. तिने नाही पुसला.

रांगोळी पुसायला भिजवलेलं फडकं न वापरताच बाल्कनीत वाळत टाकलं. छाप्यांचा बेत खलास.