स्क्रीनवरची तिसरी चौकट

रविवार, १४ मार्च, दुपार

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. नमस्कार मनापासून आहे, पण मी तुझ्यावर चिडलेलोही आहे. दोन्ही एकाच पत्रात येणार, तेव्हा चष्मा लाव आणि नीट बसून वाच.

आम्ही सगळे ठीक. मुलीची परीक्षा तोंडावर आलीय, त्यामुळे घरात टीव्ही बंद आणि सगळ्यांची तोंडं चढलेली. ही सकाळी कामावर जाते ती संध्याकाळी पाय ओढतच येते. भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना उगाच जिने चढू देऊ नकोस.

पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर बोललो असतो, पण आपल्या फोनचं कसं होतं ते तुलाही माहीत आहे. 'कसा आहेस?' असं तू विचारतेस, 'बराच असशील, दूध घेतोस ना झोपताना?' हेही तूच म्हणतेस, आणि मी तोंड उघडेपर्यंत 'बरं, दे तिला फोन' म्हणून मोकळी होतेस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. म्हणून पत्र.

तर त्या ऑनलाइन प्रकरणाबद्दल. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला झोप नसेल तर ते धोक्याचं, असं कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मानसिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी दिली, तेव्हा तू सगळं अंगावर घेतलंस. 'तू घुम्या, तुझ्याच्याने काही व्हायचं नाही,' म्हणालीस आणि नाव तूच नोंदवलंस. नंबर तुझा, ईमेल तुझा. तेव्हा मला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. आई गेल्यापासून माझी शाळा, माझी नोकरी, माझं लग्न, सगळं तूच निभावलंस. हेही निभावशील असं वाटलं.

पण तिथूनच माझ्या नाकी नऊ यायला लागले.

कितीतरी आठवडे रांगेत काढल्यावर पहिली वेळ मिळाली. लिंक आली तुझ्याकडे. तू ती मला पाठवलीस, तिच्या खाली दीर्घ श्वसनाचा एक व्हिडिओ, गुडघेदुखीवरचा एक उपाय आणि फुलांचं एक चित्र. मी गडबडीत गुडघेदुखी उघडली आणि तो माणूस तेल चोळताना बघत बसलो, मला वाटलं कार्यक्रम असाच सुरू होत असेल. घरात बंद होणारी खोली नाही, म्हणून मी कंपनीची गाडी पेट्रोल पंपामागे लावून आत बसलो होतो. मागे हत्यारं, पुढे मी, आणि फोन स्टिअरिंगला टेकवलेला. खरी लिंक सापडली तेव्हा केंद्राच्या मॅडमकडे जेमतेम 'पुढच्या गुरुवारी भेटू' म्हणण्याइतका वेळ उरला होता. त्यानंतरच्या वेळी 'तुम्हाला लवकरच आत घेतले जाईल' अशी पाटी बघत बसलो. मग 'तुमचा आवाज येत नाहीये.' मग माझा येतोय तर त्यांचा नाही. मॅडम डॉक्टर नाहीत, सामाजिक कार्यकर्त्या आहेत, मन बिघडलेल्या माणसांचं आणि त्यांच्या घरच्यांचं काम बघतात. बाई शांत आहे. स्वतःच्या घरातूनच बोलते, मागे कपाटाला टांगलेले कपडे दिसतात. पण शांतपणा पोचायला नेटवर्क तर हवं!

हे जमायला लागलं तेव्हा स्क्रीनवर तिसरी चौकट दिसायला लागली. काळी, खाली नाव 'किचन टॅब'.

ताई, मला वाटलं त्यांच्या ऑफिसचं कोणी तरी वरिष्ठ लक्ष ठेवून असेल. किचन टॅब नावाचा वरिष्ठ! माझ्या डोक्यात प्रकाश पडायला नको? आणि मॅडमना वाटलं ती माझी बायको, माझ्या संमतीने ऐकते आहे. दोघंही सभ्य माणसं. कोणी कोणाला विचारलंच नाही. मी आपला त्या काळ्या चौकटीला मान देत, जपून, 'झोप लागत नाही हो', 'भूक कमी झालीय हो' करत राहिलो. मॅडमनी एकदा विचारलं, 'आई गेल्या तेव्हा तुम्ही केवढे होतात?' मी आठवतोय, तेवढ्यात चौकटीतून तुझा आवाज: 'दहावीत होता. आणि अजिबात रडला नाही हो मॅडम, शहाणा पोरगा!'

मी स्टिअरिंगवर कपाळ आपटलं, ते हॉर्नवर. पंपावरचा माणूस धावत आला.

तू म्हणालीस, 'अरे, लिंक चालते का तेवढंच बघायला आले होते.' प्रत्येक गुरुवारी? मॅडमनी अगदी मऊ आवाजात विचारलं, 'त्या असताना तुम्हाला मोकळेपणाने बोलता येतं का?' आणि मी म्हणालो, 'हो हो, ताईच तर आहे.' तू ऐकत होतीस, दुसरं काय म्हणणार? त्या दिवसानंतर मी गेलोच नाही. तुला सांगितलं नेटवर्क नव्हतं. पुढच्या गुरुवारी सांगितलं काम निघालं. मग तुझ्याकडूनच मला निरोप पोचला: आणखी एकदा वेळ चुकली तर फाइल बंद आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला. वर तुझी टीप, 'आळस सोड.'

मी केंद्राला फोन करून तुझ्या जागी माझा नंबर घाला म्हटलं. तिकडची बाई म्हणाली, 'बदलता येईल, जुन्या नंबरवर ओटीपी जाईल तो सांगा.' जुना नंबर म्हणजे तू. 'ताई, तुला वगळायचंय, जरा आकडा सांग' असं तुला म्हणू? प्रत्यक्ष येतो म्हटलं, तर म्हणाली, 'ऑनलाइन सेवा आहे, ऑनलाइनच बदला.' मी फोन ठेवला आणि घरातली उशी भिंतीवर फेकली. मुलगी पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाली, 'बाबा, थेरपी चालू आहे वाटतं.' मला हसूही आलं नाही.

तरी गेलो. चौथ्या मजल्यावर ऑफिस. मी धापा टाकत पोचलो तर कारकून म्हणाला, 'लिफ्ट बंद पडलीय का?' मी म्हटलं, 'नाही, चालू आहे.' तो माझ्या शर्टवरचं कंपनीचं नाव वाचत राहिला.

दुपार झाली तरी मी बाकावरून हललो नाही. शेवटी मॅडम काही कागद न्यायला आल्या. स्क्रीनवर वाटतात त्यापेक्षा पुष्कळच बुटक्या आहेत. म्हणाल्या, 'तुम्हाला इथे बसवून बोलले असते, पण आमच्या खोल्याच काढून घेतल्यात.' त्याही वैतागल्या होत्या, ते बघून मला जरा बरं वाटलं. त्यांनी कारकुनाशी हुज्जत घालून माझा नंबर चढवला, नवी लिंक दिली, आणि आधीच्या वेळी चौकटीबद्दल विचारलं नाही म्हणून माझी माफी मागितली. ताई, माझी कोणी अशी माफी मागितल्याचं मला आठवत नाही.

गेल्या गुरुवारी स्क्रीनवर दोनच चौकटी होत्या. मी बराच वेळ काही बोललो नाही. त्यांनीही मधे शब्द टाकला नाही. मग मी त्यांना जे सांगितलं ते आता तुला सांगतो. ही आणि माझा कामावरचा जोडीदार, दोघांना माहीत आहे. तुला तिसऱ्या कोणाकडून कळू नये.

आमच्या कामात एक रीत आहे. मजल्यावरचं दार उघडलं की आधी कमरेच्या सुरक्षा पट्ट्याचा हूक अडकवायचा आणि मोठ्याने 'उघडलं' म्हणून ओरडायचं. वर मोटारीच्या खोलीत जोडीदार असतो, तो 'उघडलं' म्हणून परत सांगतो. त्याचा आवाज आल्याशिवाय पाय हलवायचा नाही. इतकी वर्षं मी हे झोपेतही केलं असतं. त्या दिवशी मी दार उघडलं, लिफ्ट खाली होती, समोर नुसता अंधार. मी हूक अडकवला नाही. ओरडलोही नाही. चुकून नाही, ताई. मला वाटलं, आता इथे सगळं थांबेल तर किती बरं होईल.

वरून जोडीदार ओरडला, 'बोल!' पुन्हा ओरडला. माझ्या तोंडून आवाज निघेना. तो जिन्याने धावत खाली आला, त्याने मला कॉलर धरून मागे ओढलं, शिव्या घातल्या आणि मग तोच भिंतीला टेकून रडायला लागला. डॉक्टरांना आम्ही दोघांनी झोपेचं कारण सांगितलं. झोप नव्हतीच, ते खोटं नाही. तेव्हापासून मी गोदामात बटणं आणि तारा वेगळ्या करतोय, आणि जिने चढतोय.

का, ते विचारू नकोस. मलाही एका वाक्यात सांगता येत नाही. कोणी वाईट वागलं नाही, घरात काही कमी नाही. बरीच वर्षं आत काही तरी साचत गेलंय आणि मी 'बरं आहे' म्हणत राहिलो. मॅडम म्हणतात, हळूहळू कळेल. आत्ता काय करायचं ते मात्र आम्ही ठरवलंय. लिफ्टच्या दारांची चावी जोडीदाराकडे. तसं पुन्हा वाटलं तर त्याच क्षणी त्याला किंवा हिला सांगायचं, आणि दोघं नसतील तर मॅडमनी दिलेल्या नंबरवर फोन. परवा एकदा वाटलं. हिला सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि माझ्याजवळ येऊन बसली, एवढंच. तेवढ्याने निभावलं. पुढच्या आठवड्यात खऱ्या डॉक्टरांनाही भेटायचंय.

आता तू पिशवी भरायला घेतली असशील. ठेव ती खाली. मी तुला ओळखतो. तू येशील, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळं ताब्यात घेशील, डॉक्टर विचारतील मला आणि उत्तर देशील तू. मला त्याचा राग येतो. खूप येतो. आणि तू नसतीस तर माझं काय झालं असतं, हे मनात आलं की रागाचीच लाज वाटते. हे दोन्ही घेऊन मी गाडीत बसलेला असायचो आणि समोर तुझी काळी चौकट. कसं बोलणार होतो, सांग?

आणि मी दहावीत रडलो होतो, ताई. तू दमून झोपल्यावर रडायचो, तुला आणखी त्रास नको म्हणून.

तुझ्यावरचा राग बराचसा या कागदावर उतरला. उरलेला आहे तो राहू दे, तेवढा आपल्यात चालेल. तू रडशील, भाऊजींना वाचून दाखवशील, दाखव. पण गुरुवार माझा राहू दे. तिथे येऊ नकोस, मी काय बोललो ते हिच्याकडून काढून घेऊ नकोस.

पत्र पोचलं की फोन कर. हिला नको, मला. 'कसा आहेस' एवढंच विचार आणि मग काही बोलू नकोस. मला वेळ लागेल. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही तरी फोन कट झाला असं समजून ठेवून देऊ नकोस. मी असेन.

तुझा,
उत्तर शोधत असलेला
भाऊ