पोकळ पोटाची गिटार

सोमवार, ४ मार्च
पोचले एकदाची! मावशीनं मला माळ्यावरची खोली दिलीय. खिडकीतून बसस्टँड दिसतं आणि त्याला लागूनच माझं दुकान. माझं म्हणजे, आजपासून मी तिथं कामाला. गिटार दुरुस्तीचं दुकान आहे. मालकांना सगळे मास्तर म्हणतात. शाळा सोडली तरी मास्तर काही सुटले नाहीत माझे! पण हे बरे आहेत. म्हणाले, इथं तोंड नाही चाललं तरी चालेल पोरी, हात चालले पाहिजेत. मला हेच तर हवं होतं. वर्गात वाचायला उभं केलं की पहिल्याच अक्षराला गाडी अडायची आणि सगळे फिदीफिदी हसायचे. नववीत सोडूनच दिली.

ही वही आईनं दिली. बोलता येत नाही तर लिहीत जा, म्हणाली. ती स्वतः बसवर सोडायला आली आणि दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचत सुटली. रांग सोडू नये. सामान सांभाळावे. तिला मनात वाचताच येत नाही. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आता हसू येतंय.

गुरुवार, ७ मार्च
आज काय भारी गिटार आली! इलेक्ट्रिक, पण आतून अख्खी पोकळ, म्हणून हातात कागदासारखी हलकी. कडेला काळपट, मध्ये येत येत मधाचा रंग. वरच्या पॉलिशला बारीक बारीक चिरा, तापलेल्या दुधाच्या सायीवर पडतात तशा. कडेची पांढरी पट्टी पिवळी पडून भुगा होतेय. तारा पिळायची एक खुंटी नंतर बसवलेली, बाकी सगळ्या मूळच्या. दोन्ही बाजूंना लांब वळणदार भोकं. मास्तर म्हणतात ती इंग्रजी एफसारखी, मला वेलांट्या वाटतात. भोकाला नाक लावलं तर बंद कपाटाचा वास आला. आणि थोडा कुणाच्या तरी तोंडाचा.

गिऱ्हाईक तरुण होता, गळ्याला मफलर. एक शब्द बोलला नाही. तोंडावर हात ठेवला, मग बोट हवेत उलटं गरगर फिरवलं, परत तोंडावर हात. मास्तर म्हणाले, मुका आहे बिचारा, तारा बदलून मागतोय. आणि तो गेल्यावर म्हणाले, देवानं असंच गिऱ्हाईक रोज धाडावं, घासाघीस म्हणून नाही!

शनिवार, ९ मार्च
मास्तरांनी शिकवलं. तारांखाली दोन पिकअप असतात. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याला केसाएवढ्या तारेचे वेढे. जुन्या पिकअपमध्ये वेढे सैल पडतात. मग ते माइकसारखं माणसाचं बोलणंपण पकडतं. त्यावर औषध म्हणजे वितळलेल्या मेणात बुडवायचं. मेण फटीत शिरलं की तार कायमची जखडते. पण एवढ्या जुन्या मालाला मेण लावायला त्यांचं मन होत नाही.

म्हणाले, बोल बघू त्यात काहीतरी. ते बघत असताना मी कसली बोलतेय! ते जेवायला गेल्यावर वाकले आणि माझं नाव सांगितलं. मी अडखळले. पण अ‍ॅम्पमधून, म्हणजे गिटार जोडायच्या स्पीकरमधून, बाहेर आलं ते सरळ. स्वच्छ! वर्गात अडलेलं वाक्य म्हणून बघितलं. तेही धडाधड.

मग आईला फोन लावला. फोन अ‍ॅम्पपाशी धरला आणि पिकअपमध्ये बोलत राहिले. आई रडायलाच लागली. कुणी शिकवलं गं, म्हणाली. असं रोज बोल, बाई माझी.

मंगळवार, १२ मार्च
रोज पिकअपमधून आईशी बोलतेय. घसा बसलाय. मावशी म्हणाली, आधीच बोलायची बोंब, त्यात आता कुजबुज. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. काही फरक नाही.

गुरुवार, १४ मार्च
अ‍ॅम्प चालू होता. मी गप्प होते. तरी माझाच आवाज आला. आई, जेवलीस का? आई, जेवलीस का?

त्याच्यामागून एक माणूस. हसतखेळत बोलत होता. अहो काहीतरी कमी करा की, कायमचं गिऱ्हाईक आहे मी तुमचं.

मास्तरांना ओढत आणलं. त्यांना नुसती घरघर ऐकू आली.

शनिवार, १६ मार्च
आवाज गेला. सगळाच. ओरडायला जाते तर नुसती हवा.

आई बुधवारी येतेय. माझं बोलणं ऐकायला. पहिल्याच बसनं, स्टँडवरून थेट दुकानात. चिठ्ठी लिहून मावशीला दाखवली, आईला फोन कर, येऊ नको म्हणून सांग. मावशी म्हणाली, लेक आजारी आणि आईनं येऊ नये? वेडी का खुळी!

मास्तरांनाही सगळं लिहून दिलं. वाचून हसले. कामाचा कंटाळा आला असेल तर तसं सांग म्हणाले.

सोमवार, १८ मार्च
मास्तर बाहेर गेले तसं मेण वितळवलं. एक पिकअप सोडवून बुडवलं. बुडबुडे आले— प्रत्येक फुटताना एक अक्षर— माझ्या आवाजातलं. मग शांत.

दुसरं सोडवणार तेवढ्यात मफलरवाला आला. त्याला मेणाचा वास आला. जमिनीवरच बसला. तोंड उघडून रडत होता, आवाज नाही. परत ते बोट, उलटं, गरगर— आत्ता कळलं. तारा बदल नाही. वेढे उलटे सोडव, म्हणत होता. म्हणजे आवाज सुटला असता. त्याचा. माझापण.

आता दोन्ही आवाज मेणात जखडले.

मास्तर येऊन चिडले. हात लावशील तर खबरदार, म्हणाले. गिटार कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात.

मंगळवार, १९ मार्च
दुसरं पिकअप अजून बिनमेणाचं, उघडंच आहे. रिकामं आहे ते. मला इथं बाकावर बसून कळतंय— श्वास आत ओढल्यासारखं—

आई येऊ नकोस. येऊ नकोस गं.

बुधवार, २० मार्च
आई आलीय. मास्तरांनी कौतुकानं गिटार काढली, तिच्यापुढे ठेवली, अ‍ॅम्प लावला. म्हणतायत, बोला की ताई दोन शब्द, गंमत बघा. आई लाजतेय. मी मध्ये गेले, तर मास्तरांनी दंड धरून बाकावर बसवलं, म्हणाले आता पुरे तुझं. ती वाकतेय— वही दाखवते— मोठ्या अक्षरात—

आई त्याच्यात बोलू नकोस

दाखवली. चष्मा लावला तिनं. आई गिटारवरच वाकून वही वाचायला लागली— मोठ्यानं— एकेक अक्षर— अ‍ॅम्पमधून तिचा आवाज— वही ओढून घेतली— परत लिहिते—

आई मनात वाच

मनात वाच गं मोठ्यानं न