दोन शब्द आणि सुमनची सीताफळं

गारखेडा, मंगळवार, संध्याकाळ

फुलंब्रीची सुमन येऊन गेली. बाप नामांतराच्या मोर्च्यात पोलिसांनी धरलेला. घराची सगळी आशा तिच्या उद्याच्या कंपनीतल्या नोकरीच्या परीक्षेवर. तिनं विचारलं, "आबा, 'इन्जीनियस' आन् 'इन्जेन्युअस' यात फरक काय? डिक्शनरी बघू का?"

"माझ्यावर भरवसा नाय व्हय? दोन्ही एकच. कल्पक!"

चौथी शिकून पुढं डिक्शनरीतून इंग्रजी जुळवलेल्या मला गल्ली मास्तर म्हणते, त्याची ही मस्ती. "तुमाला लई येतं," म्हणत तिनं सीताफळं ठेवली.

ती गेल्यावर डिक्शनरी उघडली. दुसऱ्या शब्दाचा अर्थ निष्कपट, भाबडा. आता ही सीताफळं घशाखाली कशी उतरायची? पहाटेच स्टँडवर जाऊन, ती परीक्षेला येईल त्या फुलंब्रीच्या गाडीची वाट बघतो. "पोरी, मला येत नव्हतं," एवढं तोंडातून निघेल ना?