चार नंबरची घंटा

३ नोव्हेंबर

इथले मालक सत्यजीतसाहेब, त्यांनी मी मशीन दुरुस्तीला आल्याआल्या बजावलं की मशीनबद्दल जे सांगायचं ते तोंडी सांगा, कागदावर काही नको. म्हणून ही वही. तोंडी कामावर माझा नोकरीत कधी विश्वास नव्हता, निवृत्तीनंतरही नाही.

बाकी जागा छान आहे. रोडपालीच्या घरून रिक्षाने लगेच येता येतं. मासळी परदेशी धाडणारं हे शीतगृह. कोळंबी निवडणाऱ्या बायका उरणकडून टेम्पोने येतात आणि दिवसभर एकमेकींची टिंगल करतात. एकीने मला स्वेटरवर शाल पाहून विचारलं, बाय, लगीन कुनाचं हाय? मला हसू आलं.

गार खोल्या चार. त्यांची दारं, तापमान, आतली घंटा, सगळं एका मशीनवर, म्हणजे संगणकावर. ते अधूनमधून कोसळतं. का, ते कुणाला माहीत नाही, कारण कोसळलं की बटण दाबून पुन्हा चालू करायचं ही इथली रीत. मेमरी पुसली जाते, कारणही पुसलं जातं. दारांना आतून कडी नाही. बायका चहाला सटकायच्या म्हणून साहेबांनी कड्या काढल्या.

५ नोव्हेंबर

आज सोय केली. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. तो कोसळला की स्वतःबद्दल काही लिहू शकत नाही. म्हणून मेमरीचा एक कोपरा राखून तिथे दुसरा, छोटा कर्नेल निजवून ठेवला. पहिला मेला की हा उठतो, मेलेल्याच्या मेमरीची नक्कल डिस्कवर उतरवतो, मगच मशीन पुन्हा सुरू करतो. नक्कल होईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

पाळीचे मुकादम महमूदभाई म्हणाले, म्हणजे पंचनामा झाल्याखेरीज मय्यत उचलायची नाही, असंच ना मॅडम? मी म्हटलं, असंच. तोवर दारं? होती तशी राहतील, बंद असलेली बाहेरूनही उघडणार नाहीत, मी सांगितलं. नियम कागदावर लिहून, खाली सही करून बटणाशेजारी चिकटवला.

८ नोव्हेंबर

शालीवरून चेष्टा करणारी ती गुणाबाई. डबा खाताना शेजारी येऊन बसली. तिची बहीण जनी उन्हाळ्यात चार नंबरच्या खोलीत गोठून गेली. मशीन कोसळलं होतं, ते पुन्हा चालू केलं. जनीने घंटा दाबलीच नाही, आत झोप लागली असेल, असं साहेबांनी पोलिसांना सांगितलं. गुणाबाई म्हणाली, आमची जनी गप बसनारी नव्हती, बाय. तुजं मशीन काय सांगतं?

तेव्हाची नक्कल नाही. मी तिला शब्द दिला की यापुढे एकही घंटा पुसली जाणार नाही.

चार नंबर तेव्हापासून बंद आहे.

११ नोव्हेंबर

मशीन कोसळलं. नक्कल पूर्ण मिळाली. कोसळण्याआधी शेवटचा इशारा एकच: चार नंबरची घंटा, दाबून धरलेली.

चार नंबरच्या घंटेची वायर बोळात कापून ठेवली आहे. टोकाला काळी टेप. मी हातात धरून पाहिली. साहेब हसले, म्हणाले, ताई, वयाप्रमाणे आराम करा आणि ते पुसून टाका. मी पुसलं नाही.

१४ नोव्हेंबर

पुन्हा तेच. घंटा दाबलेली, सुटलेली, पुन्हा दाबलेली. मध्ये अंतर वाढत जाणारं, हात थकत गेल्यासारखं.

महमूदभाईंना दाखवलं. ते खाली बसले. त्या दिवशी घंटा वाजली होती, म्हणाले. साहेबांचा फोन आला, आधी मशीन चालू कर, माल खराब होतोय. बटण महमूदभाईंनीच दाबलं. मशीन उठलं ते कोरं. घंटा वाजल्याचं विसरलेलं. वाजायची थांबली म्हणजे बाई बाहेर आली, असं यांना वाटलं.

पोलिसांना सांगा, मी म्हटलं. ते म्हणाले, मॅडम, माझ्या शब्दाला कोण विचारतं, कागद द्या. अजून एक नक्कल झाली की तिन्ही घेऊन जाऊ, असं ठरवलं.

१८ नोव्हेंबर

कोसळलं. नक्कल चालू होती. गुणाबाई दोन नंबरमध्ये होती.

महमूदभाई धावत आले आणि त्यांनी बटणाकडे हात नेला. मी मनगट धरलं. म्हटलं, होत आलंय, आता तोडलं तर ही तिसरी गेली, जनीचा पुरावाही. दार आतून बडवल्याचा आवाज येत होता. मला येत होता. नक्कल रोजच्यापेक्षा हळू चालली होती, का ते—

मी हात सोडला नाही.

१९ नोव्हेंबर

गुणाबाई वाचली. उजव्या हाताची बोटं काढणार.

तिने महमूदभाईंकडे निरोप दिला. शिवी नाही. फक्त विचारलं, बायची नक्कल पुरी झाली काय?

झाली. शेवटचा इशारा: चार नंबर. दोन नंबरचा नाही. गुणाबाईने घंटा दाबली होती. मशीनने तिची घेतली नाही. दुसरी कुणीतरी आधीच—

२१ नोव्हेंबर

नकला पोलिसांकडे जातीलच. त्याआधी चार नंबरच्या आतली घंटेची पेटीच उखडून आणते. भरदुपार आहे. चार नंबर बंद, म्हणजे गार नसणार. महमूदभाई दार धरून उभे राहणार आहेत.

त्याच दिवशी

साहेबांनी हाक मारली. महमूदभाई दार सोडून गेले. लागलं.

खोली गार आहे.

मशीनवर चालणारा बोळातला पंखा थांबला. म्हणजे मशीन कोसळलं. पेन चालत नाही, खोक्यांवर खुणा करायची पेन्सिल आहे.

दार बडवलं. बाहेर महमूदभाईंचा आवाज. साहेब ओरडतायत बटण दाब. महमूदभाई म्हणतायत, नाही, मॅडमची सही आहे. नक्कल होऊ दे. मी बाहेर आले असं त्यांना— नाही. त्यांना माहीत आहे मी आत आहे. मी हाक मारली. ते थांबले, आणि म्हणाले, होत आलंय मॅडम.

सुपूर्द:
चाव्या, महमूदभाईंकडे.
तिन्ही नकला, डिस्कवर. गुणाबाईला द्याव्या. चौथी होतेय.
नियमाच्या कागदावरची सही माझीच.
शाल, खुर्चीवर आहे.
घंटा. दाबून धरली आहे. घंटेचं बटण गरम लागतंय. बटण नाही, माझ्या बोटाखाली आधीच एक बोट