शर्यत माझ्या चिपने पूर्ण केली, मी नाही

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
जिल्हा क्रीडा कार्यालय, दुसरा मजला.

विषय : स्प्रिंट ट्रायथलॉनच्या निकालात माझ्यापुढे असलेला ‘पूर्ण, तृतीय क्रमांक’ हा शेरा रद्द करून ‘अपूर्ण’ असा करणेबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील माझे यापूर्वीचे सर्व अर्ज.
२) त्या सर्वांना आपल्या कार्यालयाकडून आलेले ‘हार्दिक अभिनंदन’ हे एकच उत्तर.

महोदय,

१. मी पाणीपुरवठा विभागाच्या कार्यशाळेत पाण्याचे मीटर उघडून, साफ करून, पुन्हा जोडण्याचे काम करतो. चुकीचा आकडा दाखवणारा मीटर मी माझ्या टेबलावरून पुढे जाऊ देत नाही. माझ्याच बाबतीत चुकीचा आकडा पडला आहे आणि तो कोणी दुरुस्त करायला तयार नाही, म्हणून हा अर्ज.

२. पोट सुटले म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि मित्रांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवले म्हणून मी सदर स्पर्धेत नाव दिले. आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे असा तो प्रकार असतो. पोहण्याचा सराव मी पोहण्याच्या टाकीत केला होता. तिथे दम लागला की हाताशी कठडा असतो. उघड्या तलावाला कठडा नसतो, ही गोष्ट आपण लपवून ठेवली असे माझे म्हणणे नाही. पण ती खरी कळायला मला मधोमध जावे लागले. शिट्टी झाली तसे सगळे एकदम पाण्यात शिरले. कोणाची तरी टाच तोंडावर बसली, गॉगल गेला, नाकातोंडात पाणी गेले. हात चालत होते, पण मी जागचा हलत नव्हतो. पाय खाली सोडून पाहिले, तर खाली काहीच नव्हते. साहेब, पाचावर धारण बसणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजले. मी आता मरणार असे मला वाटले. हे वाक्य कृपया जसेच्या तसे नोंदवून घ्यावे, कारण मागील अर्जांवर त्याचा ‘अर्जदाराने जिद्द दाखवली’ असा सारांश करण्यात आला आहे.

३. जीवरक्षकांनी मला होडीत ओढून घेतले व घोट्याला बांधलेली वेळ मोजण्याची चिप काढून घेतली. पाण्याबाहेर काढलेल्या माणसाची चिप लगेच अंतिम रेषेजवळच्या टेबलावर पाठवायची, म्हणजे हिशेब जुळतो आणि कोणी पाण्यात राहिले नाही हे कळते, अशी तिथली पद्धत आहे. पद्धत चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. परंतु चिप नेणाऱ्या मोटारसायकलवाल्याकडेच शेवटच्या स्पर्धकामागे राहण्याचेही काम दिले होते. त्या भल्या माणसाने माझी चिप खिशात टाकली, सायकलीचा सगळा मार्ग सावकाश पालथा घातला, मग धावण्याच्या मार्गावर पाण्याच्या बाटल्या पोहोचवल्या आणि शेवटी अंतिम रेषा ओलांडली. जिथे जिथे वेळ नोंदवणारी चटई अंथरली होती, तिथे तिथे तिने माझी वेळ इमानेइतबारे नोंदवली. त्या वेळी मी रुग्णवाहिकेच्या पायरीवर ब्लँकेट पांघरून कुडकुडत बसलो होतो. माझ्या वयोगटात आम्ही तिघेच होतो, म्हणून मी तिसरा आलो.

४. मी त्याच दिवशी टेबलावर जाऊन हे सांगितले. तिथली मुलगी “अहो काका, किती साधे हो तुम्ही!” असे म्हणाली आणि तिने माझ्या गळ्यात पदक घातले. तेव्हापासून हेच चालू आहे. मी खरे सांगतो, लोक त्याला माझा मोठेपणा समजतात. कार्यशाळेत सत्कार झाला. त्यात आमचे साहेब म्हणाले, “पाणी खात्याचा माणूस पाण्यात मागे राहील होय?” आणि टाळ्या संपायच्या आत त्यांनी आंतरविभागीय जलतरण शर्यतीसाठी माझे नाव जाहीर केले. शर्यत त्याच तलावात आहे. मला उतरता येणार नाही असे मी हात जोडून सांगितले. त्यावर ते म्हणाले, “क्रीडा कार्यालय तिसरा म्हणतंय आणि तुम्ही पोहता येत नाही म्हणताय. आणा बघू त्यांच्याकडून तसं लिहून.”

५. म्हणून आपल्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो आहे. निकालावर आक्षेप फक्त नुकसान झालेल्या स्पर्धकालाच घेता येतो, असा नियम मला दाखवण्यात आला. माझ्यामुळे नुकसान झालेला चौथा स्पर्धकच नाही. मग मी पहिल्याकडे गेलो. तो म्हणाला, “माझा पहिला नंबर शाबूत आहे ना? मग मला काय पडलंय?” दुसऱ्याला वाटले मला त्याचा नंबर हवा आहे, तो फोनच उचलेनासा झाला. आपल्या कार्यालयातील लिपिक महाशयांनी तर कपाळावर हात मारून घेतला. “लोक नंबर वाढवून मागायला येतात, तुम्ही कुठून उलटे उगवलात?” असे म्हणून त्यांनी सल्ला दिला की पुढच्या स्पर्धेत उतरा आणि रीतसर अर्धवट सोडा, म्हणजे ‘अपूर्ण’ मिळेल. त्यासाठी आधी पाण्यात उतरावे लागते, आणि घोडे तिथेच अडले आहे!

६. घरची परिस्थिती अशी आहे की मला डोक्यावरून पाणी घेता येत नाही. तांब्या ओतला की श्वास अडकतो. मी ओल्या फडक्याने डोके पुसून घेतो. पहिल्यांदा घरात हसाहस झाली, माझ्या पत्नीचीही. आता ती हसत नाही. मी आंघोळीला गेलो की ती दाराबाहेर काहीतरी काम काढून बसते आणि अधूनमधून उगाचच विचारते, “साबण आहे ना आत?” साहेब, साबण आहे. मला या गोष्टीची फार लाज वाटते.

७. आणि आता चौकातला फलक. येत्या शर्यतीच्या जाहिरातीसाठी आपण मी पाण्यातून एक हात उंच केला आहे असे छायाचित्र लावले आहे आणि त्याखाली ‘जोश असावा तर असा!’ असे छापले आहे. मी कामावर त्याखालूनच जातो. तो जोश नाही. मी मदतीला बोलावत होतो. तोंडात पाणी असल्याने आवाज फुटत नव्हता आणि काठावर कर्ण्यावर गाणी लागली होती. काठावरून उलट हात हलवला गेला. कोणी हलवला, ते या अर्जापुरते महत्त्वाचे नाही. तिथे कोणाचाही तसाच समज झाला असता.

८. तरी विनंती की, माझा निकाल ‘अपूर्ण’ करावा, फलक उतरवावा आणि आमच्या साहेबांना तसे लेखी कळवावे. मला बक्षीस नको, माफी नको, मोटारसायकलवाल्यावर कारवाई तर मुळीच नको. यातले काहीच बसत नसेल, तर माझी नोकरी आहे. हुकूम मोडण्याची माझी छाती नाही. मी उतरेन. मात्र त्या दिवशी एक होडी फक्त माझ्या शेजारी ठेवावी, आणि होडीवाल्याला सांगून ठेवावे की हा माणूस हात करतो तेव्हा त्याला काठावर यायचे असते.

आपला नम्र आणि अंतिम रेषेपर्यंत न पोहोचलेला,

(सही)
मीटर दुरुस्ती कामगार, पाणीपुरवठा विभाग

दिनांक : आवक शिक्क्यावर पडेल तो.

सोबत : पदक, फितीसह. पोच मिळावी.

साक्षीदार : अर्जदाराची पत्नी.
साक्षीदाराचा शेरा : वरचं सगळं खरं आहे. उलट हात हलवणारी मीच होते. मला वाटलं, मजेत आहेत. बाकीचं काय करायचं ते करा, पण होडीचं तेवढं नक्की बघा.